सहावीच्या ॲडमिशनला मी मावशी झाले

“मौसी हूँ जी, मैं तो इसकी मौसी हूँ,” असं माझ्या तोंडून निघून गेलं, आणि काउंटरमागच्या क्लर्क बाईंचा पेन जागच्या जागी थांबला, आणि माझ्या शेजारी उभी असलेली माझी पोरगी, माझ्या पोटची, दहा वर्षांची, तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी तिचा हात धरलेला होता तो अजून घट्ट धरला, आणि मनात एकच चाललं होतं, बोलू नको, बाई, आता काही बोलू नको.

“मौसी?” क्लर्क बाई म्हणाल्या. “तो मम्मी कहाँ हैं?”

“गाँव गई है.”

“कब आएँगी?”

“आ जाएगी जी. जल्दी.”

“सोमवार को लेके आइए. मैडम पेरेंट्स से मिले बिना सीट नहीं देतीं. मंगल को लिस्ट लग जाएगी.”

त्या दिवशी शनिवार होता. सोमवारी मला मलाच घेऊन यायचं होतं.

हे कसं झालं ते आधी सांगते, नाही तर तुम्ही म्हणाल बाई वेडी आहे. काउंटरवर दोन कागद होते. एक पोरीचा जन्मदाखला आणि एक शाळेचा फॉर्म. दाखल्यावर आईचं नाव एक, फॉर्मवर आईचं नाव दुसरं. दोन्ही माझीच. आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लग्नात ताटात तांदूळ पसरले, यांनी अंगठीनं त्यात नवं नाव काढलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, पेढे खाल्ले, आणि त्या दिवसापासून माझं आडनाव पण गेलं आणि नाव पण गेलं. पण पहिलं बाळंतपण माहेरी. पोरगी अकोल्याजवळ आमच्या गावी झाली आणि नोंद करायला गेले माझे वडील. ज्या नावानं त्यांनी मला अठरा वर्षं हाक मारली तेच नाव ते सांगून आले. माझं दुसरं नाव त्यांच्या लक्षातच राहायचं नाही, पत्रावर पण जुनंच लिहायचे.

आतापर्यंत कुणी हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले नव्हते. पोरगी पाचवीपर्यंत क्वार्टरजवळच्या छोट्या शाळेत होती, तिथं नाव सांगितलं की घेतात. क्लर्क बाईंनी मात्र एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे बघितलं आणि विचारलं, “ये दो अलग-अलग लेडीज़ हैं क्या?”

हमारे यहाँ शादी में नाम बदल जाता है. इतकंच म्हणायचं होतं. एवढी हिंदी मला येते, जयपूरला येऊन आठ वर्षं झाली. पण काउंटरच्या पलीकडे काचेचं दार होतं आणि दारामागे मोठ्या मॅडम बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर एक नवरा-बायको बसून इंग्लिशमध्ये हसत होते. बोलत होते ते सोडा, हसत पण इंग्लिशमध्ये होते. आणि फॉर्मवर आईच्या शिक्षणापुढे लिहिलं होतं बी.ए. मी आठवी पास आहे. मी आई असेन तर दहा मिनिटांनी त्या खुर्चीत मी बी.ए. म्हणून बसणार. आणि बायका दोन असतील तर मी ती दुसरी. माझं डोकं इतकं भरभर कधी चाललं नव्हतं आणि इतकं चुकीचं पण कधी चाललं नव्हतं. मी म्हटलं, हाँ जी, दो हैं. फॉर्म पे गलती से मेरा नाम लिख गया. त्या म्हणाल्या, तो आप कौन? मग मी मावशी झाले.

बाहेर आलो तर मे महिन्याचं ऊन. बसमध्ये पोरगी खिडकीशी बसली, मी तिच्या बाजूला. मी म्हटलं, “घरी जाऊन आमरस करू.” तिनं खिडकीतून तोंड न वळवता हात पुढे केला.

“मावशी, बाटली दे.”

मी बाटली दिली.

आता ही शाळा मी कशी निवडली ते सांगते. कारण त्या शाळेसाठीच सगळं झालं, आणि ती निवडताना मी डोळे झाकून निवडली नव्हती.

आमचे हे रेल्वेत आहेत, यार्डात गाडीचे डबे तपासायचं काम. फेब्रुवारीत मी यांना म्हटलं, सहावीला कुठं घालायचं, मला तर काही समजत नाही, प्रत्येक शाळेच्या बोर्डावर तेच लिहिलेलं आहे. हे जेवत होते. म्हणाले, “आमी गाडी कशी पाह्यतो मालूम हाय का तुले? उभी गाडी सगळीच चांगली दिसते. म्हून ती यार्डात शिरत असते ना, तवाच आमी रुळाच्या बाजूले बसतो. दोन मानसं इकडून, दोन तिकडून. चालत्या गाडीची खोड लपत नाही. चाक बोलते.”

“शाळेले कुठं चाक असते?”

“शाळा सुटते ना रोज? बस मंग जाऊन गेटवर.”

मी गेले. खरंच गेले. घरचं आवरून बस पकडायची आणि शाळा सुटायच्या वेळी गेटसमोर उभं राहायचं, उसाच्या रसाच्या गाड्याजवळ नाही तर एखाद्या दुकानाच्या पायरीवर. भीती वाटायची, कुणी विचारलं कुणाला घ्यायला आलात तर काय सांगायचं. तीन शाळा बघितल्या, एकेक तीन-चार वेळा.

राजा पार्कची शाळा दुकानांच्या वर होती. खाली चपला, वर वर्ग. मधल्या सुट्टीत मुलं जिना उतरून सरळ रस्त्यावर यायची, स्कूटरमधून वाट काढत कचोरीच्या गाड्यावर जायची आणि सोबत कुणी मोठं माणूस नाही. दुसऱ्यांदा गेले तेव्हा एका छोट्या पोराच्या पायावरून सायकल जाता जाता राहिली. ती शाळा तिथंच सुटली.

मालवीय नगरची शाळा मोठी. वहिनींची दोन्ही मुलं तिथं शिकलेली. वहिनी म्हणजे बँकेतल्या साहेबांच्या मिसेस, पुण्याच्या, मराठी लोकांच्या गणपतीत ओळख झाली, मला फॉर्म भरून देणं वगैरे सगळं त्याच करतात. त्या म्हणायच्या, “अगं, निकाल बघ त्यांचे, भिंतभर फोटो लावलेत.” फोटो होते. मी ते पण बघितले. पण शाळा सुटली आणि मुली बाहेर आल्या, तेव्हा मला वेगळंच दिसलं. व्हॅनपाशी येऊन त्या आधी बाटलीचं झाकण उघडायच्या आणि घटाघटा पाणी प्यायच्या. एक नाही, दोन नाही, रांगेनं सगळ्या. बाटल्या भरलेल्या. सकाळी सातला घरून भरून नेलेली बाटली दीडला तशीच भरलेली. मी एका मुलीला विचारलं, बेटा, अंदर पीने नहीं देते क्या? ती म्हणाली, “देते हैं आंटी. पर पिएँगे तो बाथरूम जाना पड़ेगा ना. बहुत गंदा है.”

हे ऐकून मी घरी आले आणि मला जेवण गेलं नाही.

माझी शाळा आठवीत सुटली. लोकांना वाटतं लग्नामुळे सुटली. लग्न चार वर्षांनी झालं. शाळा सुटली कारण आमच्या शाळेत मुलींना जायला जागा नव्हती. मी सकाळपासून पाणी प्यायची नाही. उन्हाळ्यात एकदा प्रार्थनेत चक्कर येऊन पडले, आणि पुढे पाळी आली की चार दिवस घरी, मग पाच दिवस घरी, मग आई म्हणाली राहू दे. आमच्या वर्गात पहिला नंबर मुलाचा होता आणि दुसरा माझा. हे मी पोरीला कधी सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं मी दहावी आहे.

वैशाली नगरची शाळा तिसरी. भिंतीला रंग बरा नव्हता. फोटो नव्हते. पण गेटच्या आत नळ होता आणि शाळा सुटल्यावर तिथं गर्दी, मुली रिकाम्या बाटल्या पुन्हा भरून घेत होत्या, एकमेकींवर उडवत होत्या. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि एक जाडी मुलगी गेटमधून त्याच्यावर ओरडली, “भैया, रुको ना, बाथरूम होके आई!” सगळ्या रस्त्यासमोर. तिला काही लाज नाही, ऐकणाऱ्यांना काही वाटलं नाही. मी दुकानाच्या पायरीवर उभी होते, तिथंच ठरलं. माझी पोरगी इथं शिकणार. सहावी ते बारावी, इथंच.

वहिनी म्हणाल्या, बाथरूम बघून कुणी शाळा घेतं का? पण फॉर्म त्यांनी भरून दिला, दोन्ही शाळांचा. मालवीय नगरला नुसती लेखी परीक्षा होती, पोरगी पास झाली, सोमवारी दोनपर्यंत कागद द्यायचे होते. वैशाली नगरला पण पेपर चांगला गेला, पण तिथं आईवडिलांना बोलावतात. यांची ड्युटी, म्हणून मी एकटीच पोरीला घेऊन गेले. बी.ए. वहिनींनीच लिहिलं, मला घरी आल्यावर दिसलं. मी फोन केला तर म्हणाल्या, “सगळे लिहितात गं. कोण डिग्री बघायला येतंय?”

तर त्या शनिवारी दुपारी हे घरी आले, हात धुवत होते, साबणानं न निघणारं काळं ग्रीस. विचारलं, “काय म्हंते शाळा?”

पोरगी खाटेवर बसली होती. “पप्पा, ही मम्मी नाही. ही मावशी आहे. मम्मी गावाला गेली आहे.”

मी सगळं सांगितलं. यांना आधी हसू आलं. “म्हंजे मले घरबसल्या साळी भेटली.” मग माझं तोंड बघून हसणं थांबलं. “रडू नको. डबा घसरला तं पयले रुळावर घेतात, इन्क्वायरी मंग. आता कसं करतं ते सांग.”

“मले नाही मालूम.”

“वहिनीले विचार.”

संध्याकाळपर्यंत पोरीनं मला एकदा पण मम्मी म्हटलं नाही. मावशी, वेणी घाल. मावशी, आमरसात साखर कमी आहे. मावशी, तू झोपताना मम्मीला फोन कर, कधी येते विचार. मी एकदा रागावून हात उगारला. ती म्हणाली, “मावशी मारत नाही. मम्मी मारते.” हात तसाच खाली आला.

रविवारी वहिनींकडे गेलो, मालवीय नगरला. त्यांनी सरबत दिलं, पोरीला बिस्किटं दिली, आणि माझं ऐकून घेतलं. आणि म्हणाल्या, “इतकंच ना? मी जाते की.”

“कुठं?”

“तुझ्या शाळेत. आई म्हणून. दाखल्यावर नाव एकीचं, तिला त्यांनी बघितलेलं नाही. इंग्लिश मी बोलेन. दोन मिनिटांचं काम आहे.”

वहिनींसमोर मी जरा पुस्तकातल्यासारखं बोलते. “पण वहिनी, पुढे मीटिंगा असतील. त्या वेळी?”

“त्या वेळी तू जा. मावशी म्हणून. आई नोकरी करते म्हणायचं. अगं, अर्ध्या मुलांच्या मीटिंगला कोण येतं ते कुणी विचारत नाही.”

“सात वर्षं?”

“बघता बघता जातात. आणि नाही तर मालवीय नगर आहेच की. तुलाच बाटल्या मोजायच्या आहेत.”

त्या मनानं वाईट नाहीत. हे मी आज पण सांगते. दुसऱ्याच्या पोरीसाठी कोण उन्हात जातं? यांना विचारलं तर हे पण म्हणाले, “एक दिवसाची गोष्ट हाय. पोरीले सीट भेटते.” आणि मी हो म्हटलं. मी हो म्हटलं होतं, हे लपवत नाही. पोरगी बिस्किट हातात धरून ऐकत होती. घरी येताना एवढंच म्हणाली, “म्हणजे आता वहिनीकाकू मम्मी?” मी म्हटलं, फक्त एक दिवस. ती म्हणाली, “और तू रोज़ मावशी.”

सोमवारी दहा वाजता मी आणि पोरगी गेटवर. वहिनी रिक्षानं आल्या, कडक इस्त्रीची सुती साडी, चष्मा, हातात पर्स. मला बघूनच धीर आला, अशा आईला कोण नाही म्हणेल. त्यांनी रिक्षावाल्याला थांबवून ठेवलं आणि माझ्या हातातली फाइल घेतली. उघडून जन्मदाखला बघितला.

“हे बघ, मला तुझं हे माहेरचं नाव एकदा नीट सांग. तिथं अडखळायला नको.”

मी सांगितलं.

त्यांनी म्हणून बघितलं. मग आडनावासकट म्हटलं. मग “आय ॲम” लावून म्हटलं. तीन वेळा. “बरोबर ना? छान आहे गं नाव. उगाच वाया गेलं.”

आता मी हे कसं लिहू. जयपूरला आल्यापासून ते नाव कुणी घेतलं नव्हतं. यांना माहीत आहे, पण हे घेत नाहीत. गावी गेले की वडील घ्यायचे, ते गेले त्याला तीन वर्षं झाली, आई नुसतं पोरी म्हणते, आता कुणीच नाही. आणि इतक्या वर्षांनी त्या गेटसमोर, रिक्षाचं इंजिन चालू, ते नाव मी ऐकलं, आणि ज्या तोंडातून आलं ते मला हाक मारत नव्हतं. ते स्वतःचं म्हणून सांगत होतं. आमच्या हजेरीत ते नाव होतं. दुसरा नंबर त्या नावाचा होता. जी पोरगी पाणी न पिता शाळेत बसायची, ती त्या नावाची होती. आणि आता ती बी.ए. झाली होती, चष्मा लावून, आणि मी बाहेर बाकावर बसणार होते.

मी फाइलला हात घातला.

“वहिनी, तुम्ही इथंच थांबा.”

“का? काय राहिलं?”

“मीच जाते.”

“अगं, वेड लागलंय का तुला? काय सांगशील आत?”

“जे आहे ते.”

फाइल त्यांच्या हातातून ओढावी लागली, जरा जोरानंच. पोरगी माझ्यामागे धावत आली.

क्लर्क बाईंनी ओळखलं. “आ गईं मौसी जी. मम्मी?”

“मैं ही हूँ.”

“मैं ही हूँ मतलब?”

“मम्मी मैं ही हूँ. दोनों नाम मेरे हैं. एक शादी के पहले का, एक बाद का. हमारे महाराष्ट्र में बदल देते हैं.”

“परसों तो आप मौसी थीं.”

“परसों मैं डर गई थी.”

रांगेत मागे एक माणूस हसला. क्लर्क बाई नाही हसल्या. त्या काउंटरवरून वाकल्या आणि पोरीला विचारलं, “बेटा, ये कौन हैं तुम्हारी?”

पोरीनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “परसों का तो पता नहीं. घर में तो मम्मी ही हैं.”

मी रेल्वेचं मेडिकल कार्ड दाखवलं, त्यावर आमच्या तिघांचे फोटो आहेत. आणि माझा आठवीचा शाळा सोडल्याचा दाखला, जुन्या नावाचा. तो मी सकाळी फाइलच्या तळाशी का ठेवला होता, मला पण माहीत नाही. वहिनी जाणार होत्या तर त्याची काय गरज होती? पण ठेवला होता.

पोरीला बाहेर बाकावर बसवून मी आत गेले, काचेच्या दारामागे थंड होतं. मोठ्या मॅडम, केस पांढरे, टेबलावर झाकलेला पाण्याचा ग्लास. त्यांनी इंग्लिशमध्ये काही विचारलं. मी म्हटलं, मैडम, मुझे इंग्लिश नहीं आती. त्या लगेच हिंदीत आल्या, इतकं सोपं होतं ते.

“इसमें ग्रेजुएट लिखा है.”

“गलत है जी. आठवीं पास हूँ.”

“किसने लिखा?”

“मैंने लिखवाया.” वहिनींचं नाव मी कशाला घेऊ? वाचलं होतं मी, आणि तसंच दिलं होतं.

“मतलब दो झूठ. एक कागज़ पे, एक मुँह से.”

“हाँ जी.”

“फिर आज क्यों आईं?”

मी बाटल्यांचं सांगितलं. मालवीय नगर म्हटलं नाही, दुसरी शाळा म्हटलं. चार दिवस तुमच्या गेटवर उभी होते म्हटलं. त्या जाड्या मुलीचं सांगितलं, ती रिक्षावाल्याला काय ओरडली ते जसंच्या तसं. मॅडमनी चष्मा काढला. मला वाटलं हसतील. त्या म्हणाल्या, “वो बाथरूम, वो पानी की टंकी, सब मैंने लगवाया था. बहुत लड़ाई करके.” आणि चष्मा पुसून परत लावला.

टेबलावर मंगळवारची लिस्ट होती. त्यांच्या बाजूनं सरळ, माझ्या बाजूनं उलटी, तरी मी वाचली. पोरीचं नाव होतं. पेन्सिलीनं लिहिलेलं, पण होतं.

“लड़की का पेपर अच्छा है,” त्या म्हणाल्या. “पर ये फॉर्म मैं नहीं रख सकती. इस पे गलत लिखा है, और अब मुझे पता है. नया फॉर्म भरिए, सच-सच. वो वेटिंग में जाएगा.”

“कितवा… कौन सा नंबर, मैडम?”

“ग्यारह.”

आणि त्यांनी खोडरबर घेतलं आणि माझ्यासमोर लिस्टमधलं नाव पुसलं. फुंकर मारली. मी खुर्चीला धरून बसले. एका मिनिटात सांगता आलं असतं, मैडम, गलती हो गई, असली मम्मी बाहर खड़ी है. वहिनी बाहेर होत्याच. पण मी ते म्हटलं नाही. मी म्हटलं, फॉर्म दीजिए.

फॉर्म मी स्वतः भरला, बाहेर बाकावर बसून, हिंदीत. आईचं नाव लिहायच्या जागेत दोन्ही नावं लिहिली, जागा पुरली नाही तर वर चढवली. शिक्षण, आठवी पास. पोरगी खांद्यावरून वाचत होती. “तू आठवी आहे?” “हो.” “दहावी नाही?” “नाही.”

गेटबाहेर वहिनी घाम पुसत होत्या. “काय झालं?”

“वेटिंग.”

“कितवी?”

“अकरावी.”

“आणि लिस्टमध्ये नाव होतं?”

मी खोटं बोलू शकले असते. “होतं.”

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. “मग काय मिळवलंस गं तू?” घड्याळ बघितलं. “चल, बस रिक्षात. पावणेबारा झाले. दोनपर्यंत कागद घेतात मालवीय नगरला. चल.”

“नको वहिनी.”

“माझी दोन्ही मुलं तिथं शिकली. तहानेनं मेली नाहीत.”

“तुमचे मुलगे आहेत, वहिनी. माझी मुलगी आहे.”

त्या रिक्षात बसल्या. रिक्षा वळेपर्यंत मला वाटत होतं धावत जावं, थांबवावं. त्यानंतर त्या आमच्याकडे आल्या नाहीत, आणि गणपतीला भेटतील तेव्हा काय बोलायचं ते मला समजत नाही.

आम्ही बसस्टॉपवर उभ्या. सावली नव्हती. पोरगी म्हणाली, “सीट नाही मिळाली तर?”

“मिळेल.”

“नाही मिळाली तर मी पण घरी बसणार? तुझ्यासारखी?”

तेवढ्यात मालवीय नगरची मिनीबस आली, कंडक्टर दारात लटकून ओरडत होता, माझ्याकडे बघून त्यानं हात पण केला. फाइल माझ्या हातात होती. कागद सगळे होते. बस उभी राहिली, एक म्हातारा उतरला, बस गेली.

“मम्मी, पाणी दे,” पोरगी म्हणाली. दोन दिवसांनी मम्मी म्हणाली, आणि तिला ते समजलं पण नाही. मी बाटली काढली तर रिकामी. तिनं माझ्या हातातून ती घेतली, रस्ता ओलांडून गेटमध्ये गेली, नळावर भरली, तिथंच उभी राहून अर्धी प्यायली आणि उरलेली मला आणून दिली.

आता जुलै आहे. शाळा सुरू होऊन दहा दिवस झाले. मालवीय नगरची सीट गेली. मी दर सोमवारी वैशाली नगरला जाते, क्लर्क बाई लांबूनच म्हणतात, “आ गईं मौसी जी,” आणि रजिस्टर उघडतात. अकराचे सात झाले, सातचे चार. काल तीन होते. हे म्हणतात महिनाअखेरपर्यंत पाहू, नाही तर सरकारी शाळेत नाव घालू, तिथं घेतात. मी म्हटलं, महिनाअखेरपर्यंत मी रोज जाईन, सोमवारच कशाला. पोरगी क्वार्टरमधल्या एका मुलीचं सहावीचं पुस्तक आणून वाचते, अडलं की मला विचारते, मग आठवतं तिला आणि म्हणते, राहू दे, तुला कुठं येईल. कधी कधी येतं मला. गणित येतं.

आणि दुपारी ती झोपली की मी तिच्याकडे बघत बसते आणि तेच तेच मनात येतं. पोरीच्या सीटपेक्षा मला माझं जुनं नाव मोठं वाटलं का? सात वर्षं मावशी झाले असते तर काय झालं असतं, पाणी तर प्यायली असती ती. की तेव्हा तिला रोज शिकवलं असतं, की आठवी पास आई लपवायची असते? मी यांना विचारलं, हे म्हणतात झालं ते झालं. आईला फोनवर विचारलं, ती रडायला लागली. म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही त्या गेटवर असता, रिक्षा उभी, वहिनी तयार, लिस्टमध्ये पोरीचं नाव पेन्सिलीनं लिहिलेलं, तर तुम्ही फाइल ओढून घेतली असती का? आणि ती बस आली तेव्हा, तुम्ही चढला असता का?